ऐकणाऱ्यांनी घडवलेला प्रचार

1813च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूमही निघाले होते. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली आणि मिशनऱ्यांची वाट मोकळी झाली. त्यांना धाडणाऱ्या बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाच्या मनातली कल्पना सरळ होती. परदेशी जावे, तिथली भाषा शिकावी, बाजारात उभे राहून शुभवर्तमान सांगावे. ऐकणारा ऐकेल आणि बदलेल. पुढच्या शंभर वर्षांत मराठी मुलखात ही कल्पना मुळापासून पालटली. ती बॉस्टनच्या बैठकांमुळे फारशी पालटली नाही. ज्यांना उपदेश करायचा होता त्या गरीब माणसांनीच ती पालटवली, असे माझे मत आहे.

हॉलच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. 1826 साली नाशिककडे प्रचाराला गेला असता तिथे पटकीची साथ चालू होती. परतीच्या वाटेवर त्यालाही पटकीने गाठले आणि धोडी दापूरला त्याचा अंत झाला. वय अवघे 41. मराठी भूमीत तेरा वर्षे राबूनही त्याच्या पदरी पडलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकीच होती. नवा करार मात्र त्याच सुमारास मराठीत छापून तयार झाला.

मिशन 1831च्या अखेरीस अहमदनगरला गेले आणि चित्र बदलू लागले. शहरातल्या गरीबखान्यात आंधळे, पांगळे, म्हातारे, कुणी नसलेले लोक राहत. हॉलिस रीड आणि त्याच्याबरोबर आलेले बाबाजी रघुनाथ तिथे बोलत असत. बाबाजी जन्माने ब्राह्मण, नुकतेच ख्रिस्ती झालेले. नगरच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सुरुवातीचे सभासद या गरीबखान्यातले होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्यांना गावाने बाजूला टाकले होते त्यांच्यापासून सुरुवात झाली.

प्रचाराच्या दौऱ्यावरचा एक दिवस नीट डोळ्यांसमोर आणावा. पाऊस सरला, रस्ते वाळले की बैलगाडीत तंबू, पुस्तके घालून प्रचारक निघत. सकाळी गावात शिरताना पहिला प्रश्न, उभे कुठे राहायचे? चावडीपाशी उभे राहिले तर पाटील, कुळकर्णी, कुणबी ऐकणार. महार लांब, ऐकू येईल न येईल अशा अंतरावर. आधी महारवाड्यात गेले तर बाकीचा गाव त्या माणसाकडे पाठ फिरवणार. तोंडाने देव एकच म्हणायचे आणि पाय मात्र चावडीकडे वळवायचे, हे जमण्यासारखे नव्हते. पहिले वाक्य उच्चारण्याआधीच प्रचारकाने काहीतरी सांगितलेले असे, आणि लोक तेच आधी ऐकत. ज्यांनी महारवाड्याची वाट धरली त्यांचा प्रचार तिथून वेगळा झाला.

कारण महारवाड्यातले लोक नुसते ऐकणारे नव्हते. त्यांचे मागणे होते, आणि ते बहुतेक ठिकाणी एकच होते: आमच्या पोरांना शाळा द्या, मास्तर द्या. वेठबेगारीत पिचलेल्या माणसाला कागद वाचता येणे म्हणजे काय हे त्याच्याइतके कुणाला कळणार? मग प्रवचनाच्या आधी पोरांची उजळणी घेतली जाऊ लागली आणि प्रवचनानंतर पाटलाच्या जुलमाच्या तक्रारी येऊ लागल्या. हा मास्तर बहुधा त्याच जातीतला, नुकताच शिकलेला. सकाळी पाढे, संध्याकाळी प्रार्थना. दौऱ्यावरचा साहेब वर्षाकाठी एखाद-दोनदा यायचा. मास्तर रोज तिथेच असायचा. उपदेश त्याच्या तोंडून पोचला, असे म्हणायला हवे.

बॉस्टनला हे पसंत नव्हते. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854च्या शेवटी स्वतः आले. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, फार शक्ती जाते. मुख्य काम उपदेशाचे. आणि मंडळ्यांनी आपल्या पायावर उभे राहावे, आपले पाळक आपणच निवडावेत, असा त्यांचा आग्रह. त्याच वेळी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. अँडरसनचे निम्मे बरोबर होते. परक्याच्या आधारावर उभा असलेला धर्म आपला होत नाही. पण शाळा आणि उपदेश वेगळे काढता येतात ही समजूत चुकीची होती. नगरलाच सिंथिया फेरार बाईंची मुलींची शाळा होती. ती पाहून जोतीराव फुले पुण्याला परतले आणि सावित्रीबाईंनीही फेरार बाईंकडे अध्यापनाचे धडे घेतले. प्रवचनाने जे झाले नसते ते त्या वर्गखोलीने केले, आणि तेही कुणाचा धर्म न बदलता.

दुसरा बदल कानाचा होता. इंग्रजी चालीवर बसवलेली गीते गावात रुजेनात. रात्री देवळापुढे कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला खुर्चीवर बसून ऐकायचे प्रवचन कोरडे वाटणारच. 1860च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मधेच ओवी, लोकांनी धरायचे धृपद. यात ऐकणारा गप्प बसत नाही, तो गातो. ज्याला आजवर देवळाच्या पायरीशी थांबवले होते त्याने कीर्तनात सूर धरावा, ही माझ्या लेखी त्या शतकातली फार मोठी घटना आहे.

1876-78च्या दुष्काळाने मात्र हे सगळे अवघड केले. भुकेल्या लोकांची रीघ लागली, मंडळ्या फुगल्या. पोटासाठी धर्म, असा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. तो उडवून लावावा असे मला वाटत नाही. भाकरी देणारा आणि उपदेश करणारा हात एकच असला की घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही. पण शिवाशिवीच्या जाचातून सुटायला माणूस दार शोधत असेल तर त्याच्या हेतूची झडती कुणी घ्यायची, हेही विचारले पाहिजे. आणि दार ओलांडल्यावरही जात मागे राहिली नाही. महार आणि मांग मंडळीतही अंतर राखूनच राहिले, याची जबाबदारी मंडळीवरच येते.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तोवर प्रचाराच्या या विचारात बरेच काही साचले होते. टिळक ब्राह्मण होते, कवी होते, पण नगर-राहुरीच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये त्यांनी वर्षे काढली. अभंगाच्या वाटेने ख्रिस्ताकडे जाता येते हे त्यांनी स्वतः जगून दाखवले. त्याच मिशनमधल्या जस्टिन अ‍ॅबटने उतारवयात न्यू जर्सीत बसून एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत नेले.

टिळकांना टोचत होती ती पगाराची गोष्ट. मिशनचा पगार घेऊन गोरगरिबांपुढे उभे राहणारा माणूस त्यांचा भाऊ कसा ठरणार? 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या प्रत्येकाला त्यात जागा होती. दोन वर्षांत, 1919च्या मे महिन्यात, ते गेले आणि दरबार मोडला. मिशनचा पगारी प्रचारक मात्र पुढेही गावोगाव हिंडत राहिला.