गुळातली गोळी

कडू औषध मुलाच्या गळी उतरवायचे तर ते गुळात लपवावे, हे शहाणपण आपल्या घराघरांत फार जुने आहे. हिवतापाच्या दिवसांत कोयनेलची गोळी अशीच गुळाच्या खड्यात दडवून दिली जाई. पहिल्या खेपेला युक्ती साधे. दुसऱ्या खेपेला पोर गूळ आधी जिभेवर घोळवून पाही. आणि तिसऱ्या खेपेला नुसता गूळ पुढे केला तरी तोंड फिरवी. औषध पोटात गेले हे खरे. पण त्या पोराचा गुळावरचा विश्वास उडाला, त्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

लहान मुलांना घरी हसतखेळत शिकवावे, असे आजकाल जो तो सांगतो तेव्हा मला या गोळीची आठवण होते. छडीचे राज्य आता कायद्याने संपले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घातली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एक वेगळा टप्पा मानून त्यात खेळाला मानाचा पाट मांडला. हे सारे चांगलेच झाले. परंतु छडी गेली म्हणजे सक्ती गेली, असे समजायचे कारण नाही. सक्तीला गोड बोलताही येते.

म्हणून प्रश्न पडतो तो असा : खेळाच्या आडून मुलाला शिकवणे हे सरळपणाचे वागणे आहे काय? यावर दोन तऱ्हेचे आक्षेप ऐकू येतात. एक करड्या माणसांचा. विद्या म्हणजे तपश्चर्या. तिला खेळाचे रूप दिले तर मूल पुढे कष्टाला भिईल, असे ते म्हणतात. दुसरा आक्षेप जरा खोलातला आहे. मुलाजवळ स्वतःचे म्हणून असते काय? घर आईबापांचे, वेळ शाळेचा, कपडे मोठ्या भावाचे. एक खेळ तेवढा त्याच्या मालकीचा. तोही आपण अभ्यासासाठी ताब्यात घेतला, तर त्या पोराला उरले काय?

पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. दुपारच्या वेळी ओटीवर सागरगोटे खेळणारी आठ वर्षांची मुलगी पाहावी. पाच सागरगोट्यांचा डाव. एक वर उडवायचा आणि तो खाली यायच्या आत भुईवरचे उचलायचे. आधी एकेक, मग दोनदोन, मग तीन आणि एक. हात चुकतो, डाव जातो. ती पुन्हा बसते. शेजारीण निघून गेली तरी एकटीच हात बसवत राहते. चार म्हणजे दोन आणि दोन, चार म्हणजे तीन आणि एक, हे तिच्या बोटांना ठाऊक झालेले असते. तिला कोणी शिकवलेले नसते, आणि तिच्या कष्टाला कोणी कष्ट म्हणत नाही इतकेच. खेळ म्हणजे आराम, असे ज्यांना वाटते त्यांनी मूल खेळताना नीट पाहिलेले नाही. खेळाला नियम असतात, नियम मोडणाऱ्याला शिक्षा असते, आणि हार पत्करावी लागते. तपश्चर्येत याहून निराळे काय असते?

विटीदांडूचेच पाहा. विटी किती लांब गेली हे दांडूने मोजताना पोरे ओरडतात : वकट, लेंड, मूंड, नाल. या शब्दांचा अर्थ कोणाला विचारला तर सांगता यायचा नाही. पण तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार यांचीच ही भावंडे आहेत. कोणत्या काळी कोणत्या वाटेने हे आकडे मराठी पोरांच्या तोंडी आले असतील ते असोत. पण एका भाषेचे आकडे दुसऱ्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या टिकले, तेही पुस्तकावाचून आणि मास्तरावाचून. ज्या शाळेची पटनोंदणी नाही, अशी ही शाळा आहे. तिच्यात काही टिकत नाही, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप मात्र मला इतक्या सहज टाळता येत नाही. श्रावणात आमच्या ओतूरला कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. दर सोमवारी देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला रांगा लागतात. मग पुढचे काही दिवस मांडवीच्या काठी, आणि जिथे काठ नाही तिथे बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर, पोरे वाळूच्या पिंडी करीत बसतात. कोरडी वाळू घसरते. फार पाणी घातले तर ती बसते. मापात ओली केली तर उभी राहते. हे माप हातालाच कळते. आता अशा वेळी एखादा शिकलेला बाप तिथे येतो, उकिडवा बसतो आणि म्हणतो, “वा वा! बरे, किती पिंडी झाल्या? मोज बघू. आणि हा आकार कुठला रे?” पोर मोजते. आकाराचे नावही सांगते. पण पिंड तिथेच राहते. खेळ संपून परीक्षा केव्हा सुरू झाली, हे बापाला कळत नाही. पोराला मात्र तत्काळ कळते. उत्तर मिळाले, आणि प्रश्न विचारायची पोराची उमेद गेली.

इथे बापाचा हेतू वाईट होता असे नाही. तो खेळायला आला नव्हता, एवढेच. त्याने खेळाचे सोंग घेतले होते.

प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात सांगितले आहे, की बळाने शिकवलेली विद्या मनात ठरत नाही, म्हणून मुलांना खेळातून शिकू द्यावे. याच्या पुढचे त्याचे कारण मात्र आपण सहसा सांगत नाही. मूल खेळू लागले म्हणजे त्याचा नैसर्गिक कल कुठे आहे ते आपल्याला दिसते, असे तो म्हणतो. म्हणजे खेळात शिकायचे ते मोठ्यांनीही. आपल्याकडे पंचतंत्रातला विष्णुशर्मा राजाच्या तीन मठ्ठ पोरांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवायचा पैजेचा विडा उचलतो, तोही गोष्टींच्या बळावर. पण त्याने आपला हेतू कोणापासून लपवला नाही. आणि विद्या विकणार नाही, हे राजाला आधीच बजावले. त्याच्या गोष्टीतला सिंह आणि ससा हे उपदेशाचे वेष्टन नाहीत. ते ऐकणाऱ्याला स्वतःसाठी आवडतात, म्हणून तर उपदेश विसरला तरी ससा विसरत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राचा स्वतःचा एक मोठा प्रयोग आहे. भावनगरला गिजुभाई बधेका नावाच्या वकिलाने आपल्या मुलाच्या निमित्ताने बालशिक्षणाचा विचार सुरू केला आणि १९२० साली बालमंदिर काढले. ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसोरीबाईंची शास्त्रशुद्ध साधने तेव्हा पैसेवाल्यांच्या मुलांनाच हाताळायला मिळत. ताराबाईंना हे खुपले. १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. बोर्डी आणि कोसबाड हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. तिथे किमती साधनांच्या जागी बिया आल्या, शिंपले आले, खडे, पाने आणि काटक्या आल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, अंगणात जाऊन बसली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून उगवला. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो देशभर गेला. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून कोसबाडला कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना तिथेच, कुरणावर शिकणे.

या प्रयोगाची वाखाणणी बहुधा स्वस्त साधनांसाठी होते. मला त्यातली दिशा महत्त्वाची वाटते. या बायांनी खेळ उचलून शाळेत नेला नाही. त्या स्वतः खेळाच्या ठिकाणी गेल्या. अंगण पोरांचे होते, या पाहुण्या होत्या. पाहुण्याने यजमानाच्या घरी जसे वागावे, तसे मोठ्यांनी मुलाच्या खेळात वागावे, एवढे एक सूत्र हाती आले तरी पुष्कळ झाले. पाहुणा बोलावल्यावर बसतो, दाखवतील तिथे बसतो, आणि घरधन्याला जांभई आली की उठतो.

हे सूत्र घरी लावून पाहावे. खेळ खरा की सोंग, याची परीक्षा अवघड नाही. मूल “पुरे” म्हणाले आणि आपल्या कपाळाला आठी पडली, तर तो खेळ नव्हता. खेळाचा शेवट काय होणार हे आपल्याला आधीच ठाऊक होते, तर तो खेळ नव्हता. आणि ज्यातून काही शिकायचे नाही अशा वेळी आपण मुलाजवळ बसतच नसू, तर आधीचे सारे बसणेही त्याच्या हिशेबात खोटे ठरते. आपला बाप हसतो तेव्हा त्याला काहीतरी हवे असते, ही शंका सहा वर्षांच्या मनात शिरली, तर पुढे कितीही अंक आणि अक्षरे येवोत, सौदा महागात पडला असे मी म्हणेन. मोबाईलवर अक्षरांची गाणी लावून देणारे घर आणि दर बरोबर उत्तराला चांदणी चिकटवणारे घर, दोन्ही ठिकाणी हाच धोका आहे. मुलाला चांदणीची चटक लागते. अक्षर बिचारे चांदणीचे हमाल होते.

कोणी म्हणेल, मास्तर, हे बोलणे भरल्या पोटाचे आहे. मुलाच्या अंगणात पाहुणा व्हायला वेळ कोणाला आहे? हा सवाल रास्त आहे. उन्हाळ्यात आमच्या भागात कांदा निघतो. दिवसभर वाकून कांदा काढणारी बाई संध्याकाळी चूल पेटवील, की लेकराशी खेळेल? तिला “मुलांबरोबर दर्जेदार वेळ घालवा” असा उपदेश करणे हा निर्दयपणा आहे. पण कांदा बराखीत भरण्यापूर्वी निवडताना तिच्या शेजारी तिचे पोर बसलेले असते. मोठा इकडे, गोल्टी तिकडे, चिंगळी पाटीत. पोर चुकते, ती न बोलता कांदा उचलून योग्य ढिगात टाकते. तासाभराने पोर आईच्या आधी हात घालते आणि दोघीही हसतात. हे काम की खेळ की शिक्षण, ते त्यांना विचारू नये. त्यांच्यात लपवलेले काही नाही, हे महत्त्वाचे. त्या पोरीचे आयुष्य कांद्याच्या ढिगापाशीच संपू नये, यासाठी शाळा हवी, आणि आईला पुरेशी मजुरी आणि विसावा हवा. ही जबाबदारी समाजाची आहे. ती खेळण्यांच्या दुकानातून पार पडत नाही. पण खेळकरपणा विकत आणावा लागत नाही, हे त्या माउलीकडून सुशिक्षितांनी शिकण्याजोगे आहे.

राहिला कष्टाचा प्रश्न. सगळेच काही खेळात येत नाही. पाढे घोकावे लागतात, अक्षर वळवावे लागते, आणि कित्येकदा ते कंटाळवाणे असते. तेव्हा त्याला खेळ म्हणू नये. “हे जरा कठीण आहे, आपण दोघे बसू आणि संपवू,” असे सरळ सांगावे. मूल कुरकुरेल, पण फसवले गेल्याचे दुःख त्याला होणार नाही. कष्टाला खेळ म्हणणे आणि खेळाला अभ्यास म्हणणे, ही दोन्ही बोलणी खोटी आहेत; आणि लहान मुलाशी खोटे बोलण्याचा परवाना मोठेपणा कोणाला देत नाही. मजा अशी, की ज्या घरात खरे खेळणे असते तिथे कष्टाचीही गोष्ट उघडपणे बोलता येते. जो माणूस आपल्याशी हरायला तयार असतो, त्याचे पाढ्यांविषयीचे म्हणणेही मूल ऐकून घेते.

तेव्हा गूळ द्यावा, भरपूर द्यावा. तो गूळ म्हणूनच द्यावा. औषध द्यायची वेळ आली तर ते औषध म्हणून द्यावे, आणि पोराने तोंड वाकडे केले तर त्याच्या पाठीवरून हात फिरवावा.