अकराव्या ताशी आलेले

तीन वर्षांच्या वाचनक्रमात एकदा, सामान्य काळातील २५ व्या रविवारी, द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपल्या कानी पडतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला ऐकताना आपण सुखावतो, उधळ्या पुत्राचा ऐकताना आपले डोळे पाणावतात. हा दाखला ऐकताना मात्र आपण हिशेब करू लागतो. दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दिनार आणि ऊन उतरल्यावर तासभर हात लावणाऱ्यालाही एक दिनार, हा कुठला न्याय? धर्मगुरू प्रवचनात देवाच्या कृपेविषयी सांगतात, आपण मान डोलावतो. पण मन पहाटेपासून राबलेल्यांच्या बाजूनेच उभे असते. आमच्या मते ही अस्वस्थता दडपून टाकू नये. प्रभू येशूला ती हवीच होती, असे दाखल्याच्या रचनेवरून दिसते.

मळ्याचा धनी संध्याकाळी कारभाऱ्याला काय सांगतो, ते पाहावे. शेवटी आलेल्यांपासून सुरुवात करून पहिल्यांपर्यंत मजुरी दे, असे तो सांगतो. हाच क्रम उलटा असता तर? पहाटे आलेले मजूर ठरलेला दिनार कमरेला खोचून, धन्याला दुवा देत घरी गेले असते. मागून कोणाला किती मिळाले, हे त्यांना कळलेही नसते आणि कुरकूर करायला कारणच उरले नसते. त्यांच्या पदरात पडलेल्या दिनाराचे मोल दुसऱ्याच्या हातातला दिनार पाहिल्यावरच घसरले. दाखल्याच्या शेवटी धनी त्यातल्या एकाला जो प्रश्न विचारतो, त्यात मूळ ग्रीक भाषेत ‘वाईट डोळा’ असा शब्दप्रयोग आहे. आपल्याकडे दृष्ट लागते म्हणतात, ती दुसऱ्याची आपल्याला. इथे मात्र पाहणाऱ्याचाच घास त्याच्या स्वतःच्या नजरेने कडू केला आहे.

हा दाखला प्रभूने कोणाला आणि कशासाठी सांगितला, हेही आपण सहसा विसरतो. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. मूळ लेखनात ती नव्हती. विसाव्या अध्यायाच्या आरंभी थांबण्याऐवजी थोडे मागे गेले तर तिथे पेत्र बोलताना आढळतो. आम्ही सारे सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हांला काय मिळणार, हा त्याचा प्रश्न. दाखला आहे तो त्या प्रश्नाच्या उत्तरात. आणि दाखला संपून काही ओळी होतात न होतात तोच जब्दीच्या मुलांची आई येऊन आपल्या लेकांसाठी उजवीडावीकडच्या जागा मागते! शिष्यांनी दाखला ऐकला होता. त्यांना तो लागू मात्र पडला नव्हता. आपली स्थिती याहून वेगळी आहे, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

आता बाजारात उभ्या राहिलेल्या त्या शेवटच्या मजुरांकडे वळू. मुंबई-वसईच्या उपनगरांत सकाळी मजुरांचा नाका भरतो, तो आपण जातायेता पाहतो. धट्टीकट्टी माणसे आठ-नऊ वाजेपर्यंत उचलली जातात. दुपारपर्यंत तिथे कोण उरते? वय झालेला, हाताने अधू, तापातून उठलेला, किंवा ज्याची भाषा मुकादमाला कळत नाही असा. शुभवर्तमान त्यांच्याविषयी एवढेच सांगते की त्यांना कोणी कामावर लावले नाही. बाकी आम्ही आमच्या नाक्यावरून ताडतो आहोत. पण सायंकाळी पाच वाजताही ते घरी न जाता बाजारात उभे होते, हे दाखल्यातच आहे, आणि ही गोष्ट आळशी माणसाची नव्हे. रिकाम्या हाताने घरी जाणे ज्याला कठीण वाटते, तोच इतका वेळ उभा राहतो.

एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची रोजी होती. म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकर. तासाच्या हिशेबाने त्या शेवटच्या माणसाला दिनाराचा बारावा हिस्सा मिळाला असता. त्यात मुलाबाळांचे काय भागणार? गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो, असा अनुवादाच्या पुस्तकाचा दंडक आहे (२४:१४-१५). मळ्याच्या धन्याने तो पाळला, आणि एक पाऊल पुढे टाकले. या माणसाने किती काम केले एवढेच न पाहता, याच्या घरी आज किती लागेल, हेही त्याने पाहिले.

इथे आपले वाडीवाले बांधव हसून म्हणतील, ‘महाराज, एकदा असे करून पाहा, दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीत कोणी फिरकणार नाही. सगळे पाचलाच येतील!’ ही शंका थट्टेवारी नेण्यासारखी नाही. केळीच्या लोंगरांना भाव नाही, खते महागलेली, पाण्याला क्षार आलेले. अशा वेळी अर्ध्या रोजाचा पूर्ण रोज देणे सर्वांनाच परवडेल, असे आम्ही म्हणणार नाही. हा दाखला म्हणजे मजुरीचे दरपत्रक नव्हेच. परंतु तो केवळ परलोकाचा आहे, इहलोकीच्या व्यवहाराशी त्याचा संबंध नाही, असे म्हणून त्यातून सुटकाही करून घेता येत नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात स्पष्ट केले की मालक आणि मजूर यांनी मिळून एक आकडा ठरवला, एवढ्याने तो आकडा न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह त्यात झाला पाहिजे. नाडलेल्या माणसाचा होकार हा खरा होकार नव्हे. आपल्या वाडीत किंवा घरकामाला येणाऱ्या बाईशी ‘तिनेच एवढे मागितले’ म्हणून आपण हात झटकतो, तेव्हा हे आठवावे.

या दाखल्याचा एक प्रवास आपल्याला विशेष जवळचा आहे. जॉन रस्किन यांनी १८६० साली एका इंग्रजी मासिकात अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. वाचकांचा रोष इतका झाला की लेखमाला आवरती घ्यावी लागली. पुढे १८६२ साली त्यांचे पुस्तक निघाले, त्याचे नाव मळ्याच्या धन्याच्या बोलण्यातूनच घेतलेले होते : ‘अन टू धिस लास्ट’. ते १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाणाऱ्या गाडीत गांधीजींच्या हाती पडले आणि त्या रात्री त्यांना झोप आली नाही. वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण पोट दोघांनाही आहे, हा त्यांनी त्यातून घेतलेला एक धडा. त्याच वर्षी फिनिक्स येथे वसाहत उभी राहिली आणि वर्ण किंवा देश न पाहता प्रत्येकाला महिना तीन पौंड असे ठरले. १९०८ साली गांधीजींनी या पुस्तकाचा सारांश गुजरातीत केला, त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. विनोबांमुळे मराठी घराघरांत पोहोचलेला हा शब्द मत्तयच्या विसाव्या अध्यायाशी असे नाते सांगतो. जन्माने ख्रिस्ती नसलेल्या एका वाचकाने तो अध्याय व्यवहारात उतरवण्याचा यत्न केला. आपण तो वर्षानुवर्षे ऐकत आहोत.

धन्याच्या तोंडच्या आणखी एका वाक्याबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. माझ्या पैशाचे मी मला वाटेल ते करीन, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे वाक्य मालकांना फार आवडते. मर्जी झाली की द्यायचे, मर्जी गेली की खाडा लावायचा, आणि वर शास्त्राधार! पण दाखल्यातल्या धन्याने हा हक्क कशासाठी वापरला? ठरल्यापेक्षा अधिक देण्यासाठी. कोणाच्याही दिनारातला एक छदामही त्याने कमी केला नाही. न्यायाची पायरी चुकवून उदारतेच्या माडीवर जाता येत नाही.

मजुरीचा प्रश्न इथवर. पण पहाटे आलेल्यांची कुरकूर आपल्याला याहून जवळून ठाऊक आहे. ती आपल्या धर्मग्रामांत ऐकू येते. वसईत १५३४ नंतर फिरंग्यांबरोबर मिशनरी आले आणि त्या पुढच्या काळात इथल्या सामवेदी, वाडवळ, कोळी घराण्यांतील अनेकांनी हा धर्म स्वीकारला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावरही त्यांचा विश्वास टिकून राहिला. गेल्या काही दशकांत स्टेशनाकडच्या इमारतींतून मुंबई, मंगळूर, गोवा, केरळ इथून आलेली कुटुंबे वसली. त्यांच्यासाठी कोकणी किंवा इंग्रजी मिस्सा ठेवली, त्यांच्यातला कोणी धर्मग्राम परिषदेवर आला, की आपल्यातून शब्द उमटतात, ‘देवळाचे चिरे आमच्या आजा-पणजांनी वाहिले, हे काल आले आणि आज पुढच्या बाकावर!’ आदिवासी पाड्यावरच्या नव्या ख्रिस्ती कुटुंबाविषयीचे बोल तर येथे न लिहिलेलेच बरे. दिवसाचा भार आणि ऊन सोसल्याची मजुरांची तक्रार ती हीच, फक्त बोलीभाषा आपली. ती खोटी आहे, असे नाही. ऊन खरेच सोसलेले असते, चिरे खरेच वाहिलेले असतात. धनीही ते नाकारत नाही.

पोप संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकाच्या अखेरीस या दाखल्यावर प्रवचन केले, त्यात दिवसाचे प्रहर हे जगाच्या इतिहासाचे कालखंड मानले आहेत. पहाट आदामची, मग नोहा, अब्राहाम, मोशे. आणि ख्रिस्ताच्या येण्यापासून पुढचा काळ हा अकरावा तास. या हिशेबाने इस्राएलांतर ख्रिस्ती झालेले आपण सगळेच, रोमचे, वसईचे आणि इमारतींतले, सायंकाळी पाच वाजता मळ्यात शिरलेलो आहोत. आपल्यात कोण आधी आणि कोण नंतर, हा वाद म्हणजे शेवटच्या तासातल्या काही मिनिटांचा वाद.

कुरकुरणाऱ्याला धनी ‘मित्रा’ अशी हाक मारतो, तुझे घे आणि जा म्हणतो. त्याने ते घेतले की तिथेच ठेवले, हे मत्तय सांगत नाही. दिनार एका दिवसापुरताच होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पुन्हा बाजारात येऊन उभे राहायचे होते, पहिल्यांना आणि शेवटच्यांनाही, बहुधा एकमेकांच्या शेजारीच.