हाकेच्या अंतरावर

चंदीगडच्या सेक्टर 32 मध्ये एक मराठी कुटुंब राहत होतं. त्यांचा मुलगा घरं बांधण्याची विद्या शिकला. सरळ रस्ते, आखीव चौकोन, आणि नुसता आकडा सांगितला तरी घर सापडावं, अशा शहरात तो वाढला होता.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. गणपती बोळवून गावं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली.

मुलगा मदतीला धावला. एका गावाचे तात्पुरते निवारे उभारायचं काम त्याच्याकडे आलं. त्यानं पत्र्याच्या खोल्यांच्या सरळ रांगा आखल्या. सगळी दारं एकाच दिशेला ठेवली, प्रत्येक दारावर आकडा घातला. कुणावर अन्याय नको म्हणून चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या.

पहिली रांग उभी राहिली. एक म्हातारी मात्र रोज संध्याकाळी वाकळ काखेत मारून निघायची. रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जायची आणि तिथं एका दारासमोर उघड्यावर निजायची. थंडी वाढू लागली होती.

मुलानं तिला गाठलं. "आजी, खोली गळते का?"

"न्हाई रं लेकरा. खोली चांगली हाय. पर रातच्याला जिमीन हालती, पत्रा वाजतो. हाक मारली तर वो कोण दील? हिनं त्या रातीला माझा आवाज वळखला. हातानं दगडं उपसून मला भाईर काढलं."

दारातली बाई खाली मान घालून चुलीत काटक्या सारत होती. पंचवीस वर्षं दोघींची भिंत एक होती.

त्या रात्री मुलगा नकाशा घेऊन बसला, पण त्यानं काहीच आखलं नाही. सकाळी तो लिंबाखाली जमलेल्या लोकांत जाऊन बसला. एकेकाला विचारू लागला, "तुमच्या शेजारी कोण होतं?" काही नावं सांगताना लोक थांबत. तोही थांबे.

उरलेल्या खोल्या त्यानं वेगळ्या उभ्या केल्या. मधे थोडं अंगण, भोवती समोरासमोर दारं. पत्रे तेवढेच लागले, जागा तेवढीच. म्हातारीला आता वाकळ घेऊन हिंडावं लागलं नाही.

चिठ्ठीनं वाटणी सारखी झाली होती, पण शेजार तुटला होता. घर पडलेल्या माणसाजवळ तेवढंच तर उरलेलं असतं.

पक्की घरं होईपर्यंत त्या भागातल्या कितीतरी कुटुंबांना पत्र्याखाली काही वर्षं काढावी लागली. तेव्हा निवारे उभारायला जाणाऱ्यांनो, डोकी मोजाच; पण कुणाला कुणाजवळ राहायचं आहे, हे आधी विचारा.