‘तार आणि सांभाळ’ म्हणताना

देवाकडे रक्षण मागणारा माणूसच आपल्या हातांनी परिसर उजाड करीत असेल, तर त्याच्या प्रार्थनेला अर्थ उरतो का? हा प्रश्न रशियातील एका छोट्या शहरात डोंगराच्या उतारावरच लिहिलेला दिसतो.

उरल पर्वतरांगेत, चेल्याबिन्स्कपासून सुमारे ९० किलोमीटरवर काराबाश नावाचे औद्योगिक शहर आहे. तेथे १९१० पासून तांबे गाळण्याचा कारखाना आहे. तांब्याच्या खनिजात गंधक असते. खनिज भट्टीत वितळवताना त्यातून विषारी वायू निघतो आणि पावसात मिसळून त्याचे आम्ल होते. त्याने झाडे मेली, मग पावसाने माती वाहून नेली आणि शहराजवळचे डोंगर उघडे पडले. त्यांपैकी एका डोंगरमाथ्यावर क्रूस उभा आहे. खाली दगड रचून मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘स्पासी इ सोख्रानी’. अर्थ असा: ‘तार आणि सांभाळ’.

समजा, आपण उभयता पती-पत्नी दोन दिवसांसाठी तेथे गेलात. हे दृश्य पाहून एक जण म्हणेल, ‘हा कारखाना बंदच करायला हवा.’ दुसरा म्हणेल, ‘मग येथील लोकांनी खायचे काय?’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. १९९० च्या सुमारास हा कारखाना खरोखरच बंद पडला होता. धूर थांबला, पण लोकांचा रोजगारही गेला. १९९८ मध्ये तो पुन्हा सुरू झाला. पुढे धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसली. तरी इतक्या वर्षांची जखम लवकर भरत नाही.

परक्या गावी दोन दिवस राहून निवाडा देणे सोपे असते. साधकाने मात्र दृष्टी आत वळवावी. सकाळी पूजेला बसताना आपल्यासमोर तांब्या, ताम्हण, पळी-पंचपात्र असते. भिंतीतल्या विजेच्या तारा आणि पंख्याची मोटार यांतही तांबेच आहे. ते कोठल्या ना कोठल्या डोंगरातून आले. तो डोंगर आपण पाहिलेला नाही, एवढेच. सृष्टीकडून घेतलेले परत न देता जो नुसता भोगतो, त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. ही कसोटी भट्टीजवळ घाम गाळणाऱ्या कामगाराआधी आपल्याला लागू होते. त्याच्यापुढे पर्याय थोडे असतात. ज्याच्यापुढे पर्याय अधिक, त्याची जबाबदारीही अधिक: मालकाची, शासनाची आणि वापरणाऱ्याचीही.

म्हणून काराबाशची प्रार्थना खोटी नाही, ती अपुरी आहे. ‘सांभाळ’ म्हणणाऱ्याने सांभाळायला हात लावला की ती पूर्ण होऊ लागते.

आज उभयतांनी मिळून एवढे करून पाहावे. घरातील जुन्या तारा व बंद पडलेली उपकरणे कचऱ्यात न टाकता पुनर्वापरासाठी द्यावीत. तांबे पुन्हा वितळवले तरी त्याचा गुण जात नाही आणि खनिजापासून नवे काढण्यापेक्षा ऊर्जाही बरीच कमी लागते. दुरुस्त होणारी वस्तू बदलू नये. आपल्या गावाजवळच्या कारखान्याविषयी बोलताना हवा आणि भाकरी, दोन्हींचा विचार करावा. मग देवापुढे हात जोडावेत. त्या वेळी ‘सांभाळ’ हा शब्द आपल्यालाही उद्देशून आहे, हे ध्यानात ठेवावे.