बोटं मोडू नकोस, बोटं टेकव

फोन इकडे दे. लांबून दाखवू नकोस, हातात दे. हा मेल कधी आलाय? फेब्रुवारीत. काय लिहिलंय त्यात? वाच. मोठ्याने वाच, सातवीत धडा वाचायचास तसा. अर्ज मंजूर झालाय, आता बोटांचे ठसे द्यायला या. आणि आज महिना कोणता चालू आहे? नोव्हेंबर. नऊ महिन्यांत बाळ जन्माला येतं रे. तुला दोन हातांची बोटं काचेवर टेकवायला जमलं नाही?

आणि अर्धा तास माझ्यासमोर बसून कसली कैफियत मांडत होतास? इमिग्रेशनच्या रांगेत दीड तास ताटकळलो. पाय मोडले. बाई, या देशात काही बदलणार नाही. मी गप्प ऐकून घेतलं, कारण मला वाटलं तुझा अर्ज कुठेतरी अडकला असेल. अर्ज अडकलेला नाही. तू अडकलायस.

माहीत नव्हतं, असं तर म्हणूच नकोस. मला कुणी सांगितलं होतं? तूच. जानेवारीत याच खुर्चीत बसून मोठ्या उत्साहाने सांगत होतास. बाई, दिल्लीला २०२४च्या जूनमध्ये सुरू झालेलं ते आता १६ जानेवारीपासून मुंबईलाही आलं. फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. गृह मंत्रालयाच्या साइटवर अर्ज करायचा, पासपोर्टची पानं चढवायची, फोटो चढवायचा. भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना एक पैसा लागत नाही. छाननी झाली की ठसे द्यायचे. मग पाच वर्षं, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल तोवर, रांगेत उभं राहायचं काम नाही. बोर्डिंग पास दाखवायचा, पासपोर्ट दाखवायचा, ओळख पटली की दार आपोआप उघडतं. हे सगळं तुझ्या तोंडून ऐकलेलं. शब्द न् शब्द पाठ होता तुला. पाठांतरात तू कधीच कमी नव्हतास. कमी कशात पडतोस ते आता सांगू?

अर्ज त्याच रात्री भरलास. तो भरताना मजा वाटली, कारण काहीतरी नवीन होतं आणि सोफ्यावर बसून होणारं होतं. मंजुरी आली तेव्हा तिचा फोटो काढून मित्रांना पाठवलास. आणि जिथे उठून जायची वेळ आली तिथे बसलास. बीजगणिताच्या वहीत असंच करायचास. पहिल्या तीन पायऱ्या सुवाच्य, चौथीपासून पान कोरं. उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. येत होतं म्हणून. येतंय ना, मग लिहायचं कशाला, हे तुझं तेव्हाचं उत्तर होतं. आज चाळिशीला आलास, उत्तर बदललेलं नाही.

ठसे द्यायला कुठे जायचं होतं? परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात जाता येतं. नाहीतर विमानतळावरच. त्याच विमानतळावर. मे महिन्यात दुबईला गेलास, ऑगस्टमध्ये सिंगापूरला, परवा पुन्हा दुबईला. जाताना तीनदा, येताना तीनदा. सहा वेळा त्याच इमारतीतून गेलास. ज्या रांगेच्या नावाने बोटं मोडतोस, तिच्यातून सुटायला बोटंच टेकवायची होती. वेळ नव्हता? मग तो दीड तास कुणाचा गेला?

मी सहासष्ट वर्षांची. मार्चमध्ये लेकीकडे जायचं होतं, म्हणून तासभर आधी निघाले आणि ठसे देऊन टाकले. चाळीस वर्षं खडू धरलेली बोटं ही. मशीनने पहिल्यांदा घेतलीच नाहीत. तिथल्या मुलीने हात पुसायला लावले, पुन्हा टेकवायला लावले. उजव्या हाताची दोन बोटं तिसऱ्या खेपेला आली. ती मुलगी वैतागली नाही, मीही नाही. झालं. जूनमध्ये परत आले तेव्हा शेजारी मोठी रांग होती. पिशवी खांद्यावर नीट करेपर्यंत मी दाराच्या पलीकडे होते. सरकार तीस सेकंद म्हणतं. मी मोजले नाहीत, पण तक्रार करायला जागा नव्हती. मला जमलं. तू कंपनीत तीसजणांची टीम चालवतोस ना?

आता म्हणशील, माझ्याकडे डिजियात्रा होतं, मला वाटलं त्यावर होईल. वाटलं? डिजियात्रा देशातल्या देशात उडायला आहे. दिल्ली, बंगळुरू, वाराणसीला २०२२च्या डिसेंबरात ते सुरू झालं तेव्हापासून तू वापरतोयस. चेहरा दाखवून आत जायचं आणि सिक्युरिटीला जायचं, एवढंच त्याचं काम. इमिग्रेशन म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्याचा पासपोर्ट सरकारने तपासणं. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? हे तुला कळत नाही, यावर मी विश्वास ठेवू? तुला सोयीचं तेवढंच वाटलं. स्वतःलाच फसवायचं, आणि फसलो की दुसऱ्याच्या नावाने ओरडायचं.

मे महिन्यात तर कहर केलास. कंपनीच्या पैशाने ती विमानतळावर माणूस घ्यायला येतो ती सेवा घेतलीस. विमान अडीचचं. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, हे तिकिटावरच छापलेलं असतं. आणि तू डोंबिवलीहून निघालास पावणेबाराला! का? तर पैसे भरलेत ना, तो माणूस नेईल आत. तो बिचारा तुझ्या नावाची पाटी धरून दारात उभा. तू पोचलास काउंटर बंद व्हायला दहा मिनिटं असताना. तो मुलगा तुझी बॅग घेऊन पळाला. त्याला पळायला लावलंस, आणि परत आल्यावर सगळ्यांना सांगत सुटलास की सेवा बेकार आहे.

पैसे भरून काय मिळतं, ते नीट समजून घे. बॅग उचलणारे हात मिळतात. रस्ता दाखवणारा मिळतो. कमी गर्दीची रांग मिळते. बिझनेस क्लासच्या तिकिटावरही तीच रांग मिळते. पासपोर्ट तपासणारा अधिकारी तोच, प्रश्न तेच, सिक्युरिटीची तपासणी तीच. बंद झालेला काउंटर कोणी उघडून देत नाही. घरून उशिरा निघालेल्या माणसाचा उशीर विकत घेणारं दुकान अजून कुणी काढलेलं नाही.

आणि परवा काय केलंस? तूच सांगितलंस, मी विचारलंही नव्हतं. पट्टा उचलून खालून पुढे गेलास. कडेवर मूल घेतलेल्या बाईच्या पुढे. काय म्हणालास तिला? एक्स्क्यूज मी, माझी फ्लाइट आहे. आणि तिची काय होती? त्या रांगेतल्या कुणाची नव्हती? मध्यरात्र ते पहाट आखाताकडची आणि युरोपकडची विमानं एकामागून एक सुटतात, सगळी माणसं एकाच वेळी येतात, म्हणून रांग लागते. लांब लागते, हे मला मान्य आहे. माणसं कंटाळतात, मुलं रडतात. म्हणून तर तुला ते दार दिलं होतं. तू ते दार वापरलं असतंस तर रांगेत एक माणूस कमी झाला असता. तू मात्र रांगेतही उभा राहिलास आणि रांग मोडलीसही.

तुझी आई पंढरपूरच्या दर्शनबारीत किती तास उभी राहते, विचार तिला. पुढच्याला ढकलून कधी गेली का, तेही विचार.

आता आईचं नाव निघालंच आहे, तर बस. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. ऑगस्टमध्ये सिंगापूरला तिला बरोबर नेलंस आणि तिच्या नावाने व्हीलचेअर मागितलीस. कशाला? तुझी आई त्रेसष्ट वर्षांची आहे. रोज सकाळी स्टेशनचा पूल चढून पलीकडच्या मंडईत जाते. तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. तुला व्हीलचेअरची वेगळी रांग हवी होती आणि तिच्याबरोबर चालणारा म्हणून तू पुढे जाणार होतास. ती माझ्याकडे येऊन काय म्हणाली माहीत आहे? बाई, त्या पोराने मला खुर्चीत बसवून ढकलत नेलं, मी सगळा वेळ पदराशी चाळा करत खाली बघत होते. समोर एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खुर्ची मिळाली नव्हती.

तुला तेव्हा लाज वाटली नाही, तर आता वाटू दे. १२ फेब्रुवारी २०२४ ला मुंबई विमानतळावर काय झालं होतं, आठवतं? पेपरात आलं होतं. न्यूयॉर्कहून आलेलं म्हातारं जोडपं. दोघांनीही व्हीलचेअर मागितली होती. मिळाली एकच. ती त्यांनी बायकोला दिली आणि ते मागून चालत निघाले. ८० वर्षांचे होते. इमिग्रेशनपर्यंत चालले आणि कोसळले. वाचले नाहीत. विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला. खुर्च्या मोजक्या असतात. ढकलणारे हात मोजके असतात. धडधाकट बाईला खुर्चीत बसवून तू रांग चुकवतोस, तेव्हा एक खुर्ची कुठून तरी कमी होते. कुणाची कमी झाली, ते तुला कधी कळणार नाही.

सगळेच करतात, म्हणू नकोस. सगळे काय करतात हे मी तुला शाळेत कधी विचारलं नाही.

आणि ते सिंगापूरचं कौतुक आता पुरे. तिथे बघा बाई, मशीनसमोर उभं राहिलं की काम झालं. झालं ना? का झालं? कारण पोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड भरलेलं असावं लागतं. ते भरल्यामुळे झालं. २०२४पासून तिथल्या मशीनच्या रांगा बाहेरच्या पाहुण्यांनाही खुल्या आहेत, पण कार्ड भरणाऱ्याला. आणि ते कार्ड तू स्वतः भरलंस का? नाही. कुठल्या तरी साइटवर पैसे देऊन भरून घेतलंस. सरकारी साइटवर ते फुकट आहे! दहा मिनिटांचं काम. अमेरिकेतल्या तुझ्या भावाचंही तेच. ग्लोबल एंट्री भारतीयांना २०१७पासून मिळते. पाच वर्षांची फी आता १२० डॉलर. अर्ज करायचा, चौकशी होते, मुलाखत द्यावी लागते. तो म्हणतो मुलाखतीला जायला वेळ नाही. एकाच मातीची भांडी.

जिथे दार नाही तिथे रांगच लावायची. ब्रिटनच्या ई-गेटमधून भारतीय पासपोर्ट जात नाही. तिथे वेळ हाताशी ठेवायचा, पुस्तक घेऊन जायचं, उभं राहायचं. त्यात कमीपणा नाही. पण जिथे दार आहे, फुकट आहे आणि तुझ्या नावावर मंजूर होऊन नऊ महिने उघडं पडलंय, तिथे तू बाहेर उभा राहून शिव्या देतोस. याला मी काय म्हणू?

ओळख आहे का कुणाची विमानतळावर, असं मघाशी विचारलंस मला. माझा एक विद्यार्थी सीआयएसएफमध्ये आहे. हो, आहे. तुझ्या पुढच्याच बाकावर बसायचा. त्याचा नंबर मी तुला देणार नाही. ज्याला स्वतःची बोटं घेऊन जाता येत नाही, त्याच्यासाठी मी दुसऱ्याची नोकरी धोक्यात घालू का? लोकलचा पास काढायचा कंटाळा करायचा आणि टीसीने धरलं की ओळख काढायची, हे तुझ्या वडिलांनी तीस वर्षांत एकदा केलं नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला खिडकीवर उभे असायचे.

मी एवढं बोलतेय ते तुला येत नाही म्हणून नाही. ज्याला येत नाही त्याला मी हात धरून शिकवलंय, तू पाहिलंयस. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा पहिल्यांदा मस्कतला निघाला, त्याला पासपोर्टचं शेवटचं पान कुठलं तेही माहीत नव्हतं. त्याच्याबरोबर मी दोन संध्याकाळी बसले, एकदाही आवाज चढवला नाही. तुला सगळं येतं. कळतंही. म्हणून तुझ्यावर आवाज चढतोय.

पासपोर्ट आणलायस? बघ तारीख. २०२९. म्हणजे ठसे दिलेस की पासपोर्ट संपेपर्यंत बघायला नको. नवा पासपोर्ट आला की ते पुन्हा बघावं लागेल, तेव्हा परत नऊ महिने लावू नकोस. पुढचं तिकीट १९ डिसेंबरचं म्हणालास ना? आई बरोबर आहे? मग तिचाही अर्ज आज भर, इथे, माझ्यासमोर. छाननीला दिवस लागतात. वेळेत मंजूर झाला तर दारातून जाईल, नाही झाला तर तिच्याबरोबर रांगेत उभा राहा, तिची पिशवी धरून. या तिकिटावरही तिच्या नावाने व्हीलचेअर मागितली असशील, तर ती मागणी रद्द कर. आत्ता. विमान कंपनीचा नंबर लाव.

चहा ठेवलाय. आधी मेल उघड आणि तारीख घे.