यंत्र वाचत नाही ती ओळ
लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये 'गिट ग्रेप' या शोध-आज्ञेने 'फिक्समी' ('हे दुरुस्त करा') अशी खूण असलेल्या टिप्पण्या शोधल्या, की कबुल्यांची रांगच लागते: इथलं लॉकिंग अपुरं आहे, हा उपाय तात्पुरता आहे. कंपायलर या टिप्पण्या गाळूनच पुढे जातो. त्या नसत्या तरी यंत्राचं काही अडलं नसतं. म्हणूनच मी त्यांना नैतिक कृती मानतो: कुणी भाग न पाडता, अनोळखी वारसदाराला सांगितलेलं खरं. यावरचा आक्षेप रास्त आहे. कोड बदलतो, टिप्पणी तशीच राहते आणि खोटी ठरते. मग कोडच प्रमाण का मानू नये? पण कोड काय घडतं तेवढंच सांगतो. काय घडायला हवं होतं, हे कुठेच नोंदलेलं नसेल, तर चूक कशाला म्हणायचं? शिळी टिप्पणीसुद्धा जुना हेतू जपते, आणि ती ओळ शेवटची कधी बदलली ते 'गिट ब्लेम' ही आज्ञा दाखवतेच.