परत न करू शकणाऱ्याला (गीता १७.२०)



आज सतराव्या अध्यायातला विसावा श्लोक. भगवंत सात्त्विक दानाची खूण सांगतात: द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, आणि जो आपल्यासाठी परत काही करू शकणार नाही अशाला. हा 'अनुपकारी' शब्द सकाळपासून टोचतोय.

दिवाळीत आमच्या टीमने वर्गणी काढली. एका शाळेला टॅब द्यायचे, की एका वृद्धाश्रमाला मोठ्यांचे डायपर आणि रात्रपाळीच्या मावशींचा पगार? मतदान झालं. "डायपरमधून पुढे काय निघणार?" हे वाक्य माझं. सगळे हसले, टॅब जिंकले.

शाळेला देणं वाईट नाहीच. पण माझा प्रश्न दानाचा नव्हता, गुंतवणुकीचा होता. मूल शिकेल, मोठं होईल, एखादं पत्र पाठवेल. अंथरुणाला खिळलेल्या आजी बऱ्या होणार नाहीत. स्मृतिभ्रंश असेल तर कोणी दिलं हेही त्यांच्या लक्षात राहणार नाही. गीतेच्या व्याख्येत याहून नेमकं कोण बसेल? आणि मी नेमक्या त्याच कारणाने नाही म्हटलं. (स्वतःच्या आईबाबांचं करणं यात धरू नका, ते ऋण.)

'योग्य वेळ' म्हणाल, तर दिवसाला तीन डायपर धरले तरी महिन्याला ९० होतात. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना केंद्राचं पेन्शन ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये, पुढे ५००. राज्याची भर पडते खरी, पण ॲपवर पाकिटाचा भाव बघा आणि हिशोब करा. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च मिळू शकतो. घरी किंवा आश्रमात रात्री कूस बदलून देणाऱ्या हातांचा खर्च त्यात नाही. तो वयाबरोबर वाढतच जातो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थांबत नाही.

काल त्या आश्रमात फोन केला. तिथल्या ताई म्हणाल्या, "एकदाच मोठी रक्कम नको दादा, थोडे द्या पण दर महिन्याला द्या. मावशींचा पगार दर महिन्याला असतो." ऑटो-डेबिट लावलं. आणि लगेच, सवयीने, ८०जीची पावतीही मागितली.

ती मागणं राजस की नुसतं व्यवहारी, उद्या १७.२१ वाचताना बघू.

राम कृष्ण हरी.